दोन नाके आणि एक बाजार : हैदराबादच्या सुलतान बाजाराचा भाषिक इतिहास

हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका हे गाव लागते. त्याच्या नावाला जोडलेला 'नाका' हा शब्द आज हिंगोली आणि वाशिम या दोन जिल्ह्यांच्या, म्हणजे मराठवाडा आणि विदर्भ यांच्या, सीमेची आठवण करून देतो. सीमा मात्र या जिल्ह्यांहून पुष्कळ जुनी आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला, तेव्हापासून पैनगंगेच्या दक्षिणेस निजामाचा अंमल आणि उत्तरेस इंग्रजांचा, अशी वाटणी झाली. यातली मौज अशी की कायद्याच्या दृष्टीने उत्तरेचा मुलूखही निजामाचाच राहिला. १९०२ च्या कराराने वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रजांना मिळाला, तरी सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाकडेच होते, आणि ही स्थिती १९४७ पर्यंत टिकली. जमीन एकाची आणि कायदा दुसऱ्याचा, असा हा प्रकार होता.

सीमेवरच्या माणसांना हा भेद तहाच्या कलमांतून नव्हे, रोजच्या व्यवहारांतून कळत असे. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार. अलीकडे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, हिशेब वेगळा. अलीकडच्या कचेरीची भाषा उर्दू आणि पलीकडच्या कचेरीची मराठी. एकच बोली बोलणारी, एकमेकांच्या घरी लेकी देणारी माणसे नदी ओलांडली की निराळ्या कायद्याखाली जात. मराठवाड्याच्या साहित्याचा आणि समाजाचा विचार करताना या नदीचा उल्लेख आपण नेहमी करतो. निजामी राजवटीतला मराठी माणूस वृत्तपत्रांसाठी, पुस्तकांसाठी, शिक्षणासाठी आणि पुढे आश्रयासाठी वऱ्हाडाकडे कसा पाहत असे, हे आपल्या परिचयाचे आहे.

आमच्या लेखाचा विषय मात्र दुसरा नाका आहे, आणि तो राजधानीच्या पोटात होता. जमीन निजामाची आणि कायदा इंग्रजांचा अशी जी व्यवस्था पैनगंगेपलीकडे एका प्रांताला लागू होती, तीच हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तर काठावरच्या एका वस्तीला लागू होती. तिला रेसिडेन्सी बाजार म्हणत. १९३३ पासून ती सुलतान बाजार या नावाने ओळखली जाते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, गुजराती, हिंदी अशा कितीतरी भाषांची माणसे या एका वस्तीत आली, आणि त्यांतील काही भाषांचे आधुनिक सार्वजनिक जीवन येथेच सुरू झाले. तेव्हा या वस्तीचा इतिहास आम्ही भाषांच्या शेजाराचा इतिहास म्हणून वाचू इच्छितो. शेजार म्हटला की आधार आला आणि कलहही आला. मराठी वाङ्मयेतिहासात यातली एकच बाजू सांगण्याची प्रथा पडली आहे, असे आम्हांस वाटते.

हिंगोली भागातून हैदराबादकडे जाणारी वाट स्वाभाविक होती. निजामाच्या सैन्याचा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचा जो भाग 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणून ओळखला जाई, त्याची एक छावणी हिंगोलीस होती. १९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली हा रेल्वेचा फाटा झाला आणि हिंगोली मनमाड-सिकंदराबाद मार्गाशी जोडली गेली. हिंगोलीच्या उत्तरेस, पैनगंगा ओलांडून अकोला-खांडव्याकडे जाणारी लोहवाट झाली ती स्वातंत्र्यानंतर. म्हणजे निजामी काळात नदीपलीकडचे वाशिम बैलगाडीच्या टप्प्यात असले, तरी आगगाडी दक्षिणेकडे, राजधानीकडेच नेत असे. १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या काचीगुडा स्थानकावर उतरणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला रेसिडेन्सी बाजार चालत जाण्याच्या अंतरावर होता. काचीगुडा, गौलीगुडा, बडी चावडी, जामबाग या परिसरात मराठी घरे का वाढली, याचे एक साधे उत्तर या भूगोलात आहे.

वस्तीचा आरंभ एका इमारतीपासून होतो. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. त्याच सुमारास रेसिडेंट म्हणून आलेल्या जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक याने मुसीच्या उत्तरेस नव्या निवासाचे काम १८०३ मध्ये सुरू करविले. आराखडा मद्रास इंजिनिअर्समधील सॅम्युअल रसेल याचा आणि खर्च निजामाचा. सहा उत्तुंग कॉरिंथियन स्तंभ, रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस बसलेले दोन सिंह, अशी ही वास्तू आजही उभी आहे. लोक तिला 'कोठी' म्हणू लागले आणि तेच नाव सगळ्या परिसराला पडले. कर्कपॅट्रिकने खैरुन्निसा या हैदराबादच्या उमराव घराण्यातील मुलीशी विवाह केला होता. पडद्यात राहणाऱ्या पत्नीसाठी त्याने रेसिडेन्सीची एक छोटी प्रतिकृती बागेत बांधविली, असे सांगतात, आणि ती प्रतिकृतीही तेथे आहे. विल्यम डॅलरिम्पल यांच्या 'व्हाइट मुघल्स' (२००२) या ग्रंथाने ही कथा जगभर नेली. पण या ग्रंथाच्या प्रभावामुळे कोठी म्हणजे एका प्रेमकथेचे स्मारक, अशी समजूत रूढ झाली आहे. कोठीच्या भिंतीबाहेर जी वस्ती वाढली, ती आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

रेसिडेंटाभोवती कारकून, शिपाई, खानसामे, दुभाषे आणि व्यापारी जमले. सावकार आले, कारण दरबारी उमरावांना कर्ज देणाऱ्यास निजामाच्या न्यायालयापेक्षा रेसिडेंटाची हद्द सुरक्षित वाटे. या बाजारातील दिवाणी, फौजदारी आणि पोलीस हे अधिकार रेसिडेंटाकडे होते. म्हणजे चार-दोन गल्ल्या ओलांडल्या की माणूस दुसऱ्या कायद्याखाली जाई. या सीमेवर पैनगंगेसारखी नदी नव्हती, एवढाच काय तो फरक.

ही हद्द शहराला पटलेली नव्हती, हे १८५७ मध्ये दिसले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी व शहरवासीयांनी रेसिडेन्सीवर चाल केली. पुतळीबावडीजवळच्या घरांचा ताबा घेऊन त्यांनी तेथून गोळीबार केला. रेसिडेंट कथबर्ट डेव्हिडसन आणि निजामाचा दिवाण सालारजंग यांनी मिळून हा उठाव मोडला. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला आणि मौलवी अलाउद्दीन यांची रवानगी अंदमानात झाली. त्यानंतर रेसिडेन्सीचा तट भक्कम करण्यात आला. कोठीच्या चौकात आज या उठावाचे स्मारक आहे आणि जवळच्या रस्त्यास तुर्रेबाज खानाचे नाव आहे. ज्या भिंतीवर त्याने हल्ला केला, त्याच भिंतीच्या सावलीत पुढील पिढ्यांनी शाळा, वाचनालये आणि सभागृहे काढली. एकाच हद्दीचा अर्थ पन्नास वर्षांत कसा बदलतो, याचे हे उदाहरण आहे.

वस्तीत कोण कोण आले हे जाणण्यासाठी दप्तरे उघडण्याची गरज नाही. गल्ल्यांची नावे वाचली तरी पुरे. कंदस्वामी लेन हे तमिळ नाव. गुजराती गल्ली हे नाव आपली ओळख आपणच सांगते. ट्रूप बाजारात इंग्रजी पलटण आहे. पुतळीबावडीत दख्खनी विहीर आहे. गौलीगुड्यात गवळी आहेत आणि 'गुडा' हा तेलुगू प्रत्यय आहे. त्याच गौलीगुड्यात शिखांचा गुरुद्वारा आहे. इसामिया बाजार हे नाव मुसलमानी वळणाचे, आणि तेथेच मराठी ग्रंथसंग्रहालय. काचीगुड्यात कन्नड भाषकांचे साहित्यमंदिर आणि नृपतुंग विद्यालय. आणि या सगळ्यांत हनुमान टेकडी हे निखळ मराठी नाव आहे. 'टेकडी' हा शब्द तेलुगू राजधानीच्या मध्यभागी आजही पत्त्यात लिहिला जातो, आणि तो लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो कोणत्या भाषेचा हे ठाऊक नसते.

हैदराबादेत मराठी या बाजारामुळे आली, असे मात्र समजू नये. जुन्या शहरात शहालीबंडा भागात मराठी दप्तरदारांची वस्ती आधीपासून होती. निजामाच्या दोन प्रमुख दप्तरांपैकी दफ्तर-ए-दिवाणी हे रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आले होते. पण ती मराठी दरबारच्या आश्रयाची, हिशेबाच्या वहीतली. रेसिडेन्सी बाजारच्या परिसरात आलेली मराठी वकिलांची, शिक्षकांची, संपादकांची, शिकायला आलेल्या मुलांची होती. मराठी राजाश्रयातून लोकाश्रयात आली, ती नदी ओलांडून, असे म्हणावयास हरकत नाही.

१८८० च्या दशकात निजामाच्या राज्यात फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. राज्यात निम्म्याच्या जवळपास लोक तेलुगू बोलणारे, सुमारे पाव मराठी, त्याहून कमी कन्नड आणि दहांत एखादा उर्दू बोलणारा, अशी स्थिती होती. न्यायालय, कचेरी आणि पुढे १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ, सर्वत्र उर्दूचे माध्यम आले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग मोठा होता आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. फक्त ती देशी भाषा बहुसंख्यांची नव्हती. तेलुगू, मराठी, कन्नड यांना शाळा, वाचनालय, सभा यांसाठी सरकारी मदत दूरच, पुष्कळदा परवानगीही मिळत नसे. सभाबंदीची 'गश्ती ५३' ही तर त्या काळच्या आठवणींत वारंवार भेटते. अशा वेळी चार गल्ल्यांपलीकडे निराळा कायदा असणे याला अर्थ प्राप्त झाला. इंग्रजांना निजामाच्या प्रजेच्या स्वातंत्र्याचा पुळका होता, असे अर्थातच नव्हे. त्यांचे स्वतःचे राजद्रोहाचे कायदे होतेच. पण दोन सत्तांच्या सांध्यात जी फट राहते, तिच्यात प्रजेला थोडी हवा मिळते.

या फटीत पहिल्यांदा उभा राहिला आर्य समाज, १८९२ मध्ये. मग १ सप्टेंबर १९०१ रोजी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय राविचेट्टु रंगाराव यांच्या घरी सुरू झाले. निजामाच्या तेलंगणातील आधुनिक तेलुगू चळवळीचा आरंभ या ग्रंथालयापासून मानतात. त्याच्या संस्थापकांपैकी एक कोमर्राजु लक्ष्मणराव यांच्याशी मराठी वाचकाची ओळख असावयास हवी. त्यांचे शिक्षण नागपुरास, बहीण भंडारु अच्चमांबा यांच्या घरी राहून झाले. अच्चमांबा या तेलुगूतील आद्य कथालेखकांपैकी एक होत. लक्ष्मणराव मराठी उत्तम जाणत आणि मराठीत लिहीतही. त्यांनी तेलुगूत शिवचरित्र लिहिले, १९०६ मध्ये विज्ञानचंद्रिका मंडळी ही ग्रंथप्रकाशन संस्था काढली आणि पुढे 'आंध्र विज्ञानसर्वस्वमु' हा तेलुगू ज्ञानकोश हाती घेतला. १९२३ मधील त्यांच्या निधनाने तो अपुरा राहिला. मराठीतला ज्ञानकोश सिद्ध करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि ते संमेलन भरले हैदराबादेत. तेलुगू ज्ञानकोशकाराने जेथे तीस वर्षांपूर्वी ग्रंथालय काढले, त्या शहरात मराठी ज्ञानकोशकार अध्यक्षीय भाषण करतो, ही घटना दोन्ही भाषांच्या इतिहासांत एकत्र वाचली जात नाही.

मराठीच्या बाजूने या काळातले पहिले नाव केशवराव कोरटकर यांचे (१८६७-१९३२). त्यांचा जन्म आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुरजळचा. गुलबर्ग्यास वकिली करून ते हैदराबादेस आले, उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि आर्य समाजाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. वामन नाईक हे त्यांचे सहकारी. चित्रकार म्हणून उपजीविकेसाठी आलेले आणि पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून प्रसिद्ध झालेले श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही या शतकारंभीच्या वर्षांत येथेच होते. या मंडळींच्या खटपटीतून १९०७ मध्ये विवेकवर्धिनी ही शाळा निघाली. रेसिडेन्सी बाजाराला लागून, जामबागेत, तिची इमारत आणि नाट्यगृह आहे. हैदराबादेतील मराठी शिक्षण, नाटक, व्याख्याने आणि सभा यांचे ते केंद्र बनले. १९२० च्या दशकात लक्ष्मणराव फाटक यांचे 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक निघत होते. केशवरावांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात निघालेली शाळाही पुढे नावारूपास आली.

मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला या वाटेवर आणखी दोन ओळखीची माणसे भेटतात. उस्मानिया विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे ना. गो. नांदापूरकर हिंगोली भागातल्या नांदापूरचे. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर यांचा जन्मही नांदापूरचाच, १५ जुलै १९३२ चा. कुरुंदकर शिक्षणासाठी मामांकडे हैदराबादेस गेले, तेथील सिटी कॉलेजात शिकले आणि तेथेच चळवळीत ओढले गेले. उर्दू माध्यम, मराठी घर, तेलुगू शहर आणि मुसलमानी राजवट अशा चार वातावरणांत कुरुंदकरांची दृष्टी घडली. धर्म, भाषा आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांविषयी त्यांनी पुढे जे लिहिले, त्याचे मूळ नांदेडात शोधताना हैदराबाद विसरून चालत नाही.

येथवरचा इतिहास मराठी वाचकाला सुखावणारा आहे. जुलमी राजवट, तीत तग धरणारी मराठी, तिला आधार देणारी शाळा. पण याच शाळेच्या नाट्यगृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये जे घडले ते मराठी ग्रंथांत क्वचितच सापडते. तेलुगू ग्रंथांत मात्र ते पहिल्या प्रकरणात असते.

निजाम राज्य सामाजिक परिषदेचे अधिवेशन विवेकवर्धिनीत भरले होते आणि अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे श्रोत्यांनी शांतपणे ऐकली. मग अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलावयास उभे राहिले, तेव्हा सभागृहात हुर्यो झाली. टाळ्या पिटून, गलका करून त्यांना बोलू दिले नाही. श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा होता, असे तेलुगू लेखक सांगतात. ज्या राज्यातले निम्मे लोक तेलुगू बोलत, त्या राज्याच्या राजधानीत, समाजसुधारणेच्या परिषदेत, तेलुगू ही भाषणाची भाषा मानली गेली नाही. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र आली आणि आंध्र जनसंघम् ही संस्था स्थापन झाली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव यांसारखे पुढारी तिच्या उभारणीत होते. याच संस्थेतून १९३० मध्ये जोगीपेठेस पहिली आंध्र महासभा भरली, आणि तेलंगणाचे पुढचे राजकारण त्या महासभेभोवती फिरले.

ही हुर्यो करणारे लोक निर्दय होते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांतले कितीतरी उर्दूच्या सक्तीविरुद्ध तळमळीने बोलत असतील. पण स्वतःच्या भाषेवरचा अन्याय जाणणाऱ्याला शेजारच्या भाषेवरचा अन्याय दिसेलच, असे नसते. मराठीला पुण्या-मुंबईचे वाङ्मय, नागपूर-अमरावतीची वृत्तपत्रे आणि कर्व्यांसारखे अध्यक्ष यांचे पाठबळ होते. सुशिक्षितांच्या सभेत ती प्रतिष्ठेची भाषा होती. तिच्यापुढे तेलंगणाची तेलुगू 'खेडवळ' ठरली. बुर्गुल रामकृष्णराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि मराठी जाणणारे होते, ही गोष्ट या प्रसंगाला आणखी एक धार देते.

प्रतिष्ठेची ही उतरंड मराठीपाशी संपत नव्हती. तेलंगणात कवीच नाहीत, असे किनारी आंध्रातून म्हटले गेले, तेव्हा 'गोलकोंडा पत्रिके'चे संपादक सुरवरम प्रतापरेड्डी यांनी १९३४ मध्ये तेलंगणाच्या साडेतीनशेहून अधिक कवींचा संग्रह प्रसिद्ध करून उत्तर दिले. आणि भाषेच्या या सर्व प्रतिष्ठित भांडणांच्या खालच्या पायरीवर जातीची भिंत होती. १९१० मध्ये भाग्यरेड्डी वर्मा यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी इसामिया बाजारात शाळा काढली. आजूबाजूस नामांकित शाळा असताना या मुलांसाठी वेगळी शाळा काढावी लागली, हा त्या वस्तीच्या इतिहासाचाच भाग आहे. कायद्याची हद्द ओलांडणे सोपे होते. ही दुसरी हद्द रेसिडेन्सीच्या आतही होती आणि बाहेरही.

१९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार इंग्रजांनी निजामाला परत केला आणि त्याचे सुलतान बाजार असे नामकरण झाले. शहरातला नाका उठला. पण तोवर संस्था पक्क्या झाल्या होत्या. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. कन्नड भागाची परिषदही त्याच सुमारास आकाराला आली. एका राज्यात तीन भाषांच्या तीन परिषदा झाल्या. १९२१ च्या त्या संध्याकाळचा हा दूरचा परिणाम म्हटला पाहिजे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि विद्यार्थ्यांचे वंदेमातरम् आंदोलन झाले. विद्यापीठातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पैनगंगेचा नाका पुन्हा उपयोगी पडला, या वेळी मराठीइतकाच तेलुगू मुलांना. त्यांत पी. व्ही. नरसिंहराव होते. पुढे त्यांनी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'अबला जीवितम्' या नावाने तेलुगूत नेली. नाट्यगृहातल्या त्या हुर्योला तेलुगूने दिलेले हे उत्तर समजावे काय? निदान मराठीच्या विद्यार्थ्याने ते तसे समजावे, असे आम्हांस वाटते.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांनी काचीगुड्याजवळ हत्या केली. हैदराबाद भारतात विलीन व्हावे असे लिहिणारा हा हात तोडण्यात आला. त्याआधी त्यांनी मंदुमुल नरसिंगराव या तेलुगू भाषक संपादकाच्या 'रय्यत' या उर्दू पत्रात काम केले होते. उर्दू म्हणजे जुलमाची भाषा आणि मराठी-तेलुगू म्हणजे स्वातंत्र्याच्या भाषा, ही सोपी मांडणी या एका घटनेपुढे टिकत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे भाषावार तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि सुलतान बाजारातले मराठी लोक ज्यांच्या राजधानीत होते त्यांच्याच राजधानीत परप्रांतीय झाले. त्यांनी घरे सोडली नाहीत, सीमाच त्यांच्यापासून दूर गेली.

रेसिडेन्सीच्या वास्तूत १९४९ पासून उस्मानियाचे महिला महाविद्यालय भरू लागले. २०२२ मध्ये त्याचे महिला विद्यापीठ झाले आणि २०२४ मध्ये तेलंगणाच्या शेतकरी लढ्यातील चाकली ऐलम्मा यांचे नाव त्यास देण्याचे ठरले. जेथे रेसिडेंटाची पत्नी पडद्यात राहिली, तेथील विद्यापीठाला एका परीट समाजातील लढाऊ स्त्रीचे नाव मिळावे, यात या वस्तीच्या दोन शतकांचा प्रवास आहे. वास्तूचे जतनही झाले आहे. सुलतान बाजारातून मेट्रो नेण्यास व्यापाऱ्यांनी आणि वारसाप्रेमींनी दीर्घकाळ विरोध केला; ७ फेब्रुवारी २०२० रोजी ती सुरू झाली, आणि स्थानकाला सुलतान बाजार हेच नाव आहे. कोठीच्या पदपथावरचा जुन्या पुस्तकांचा बाजार पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे.

मराठीच्या अध्यापकाने या वस्तीचे काय करावे? आमच्या मते, मराठवाड्याचा वाङ्मयेतिहास शिकविताना 'निजामी राजवटीतील मराठीची गळचेपी' हे प्रकरण काढून टाकण्याचे कारण नाही. ते खरे आहे. पण त्याच्या शेजारी दुसरे पान असावे. त्यावर नागपुरास शिकलेल्या तेलुगू ज्ञानकोशकाराचे नाव असावे, इसामिया बाजारातल्या शाळेचे असावे, उर्दूत लिहून प्राण देणाऱ्या संपादकाचे असावे. आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात तेलुगूत बोलावयास उभ्या राहिलेल्या त्या वकिलाचेही असावे. मराठी श्रोत्यांनी त्याचे भाषण ऐकून घेतले नाही. निदान त्याला बोलू दिले नाही हे तरी मराठी वर्गात सांगितले जावे.